बैलाला ‘अहो’ म्हणणारे आमचे दाजी

साऱ्या सातारा जिल्ह्यात बैलाला ‘अहो’ आणि माणसाला ‘अरे’ म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरी पडला. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत अक्कानं त्यांच्याशी संसार केला आणि तिच्याच घरी वाढलेला धाकटा भाऊ म्हणून मी तो अगदी जवळून पाहिला. आमचे दाजी गुरांचे सरकारी डॉक्टर. तिकडे विलायतेत दुसरं महायुद्ध पेटलं होतं आणि इकडे आम्ही रॉकेलसाठी रांगा लावत होतो, त्या काळात ते साताऱ्याच्या गुरांच्या दवाखान्यात होते. दवाखान्यात बैल आला की दाजी त्याच्यासमोर उभे राहत, चष्मा पुसत आणि अदबीनं विचारत, “काय होतंय आपल्याला?” बैल अर्थातच गप्प. मग बैलाचा मालक तोंड उघडी, “डाक्तरसाहेब, परवापास्नं वैरणीला तोंड लावंना बगा...” की दाजी त्याच्यावर डोळे वटारत. “तुला कोण इचारतंय रं? ह्यांना बोलू दे की!” आणि खरोखरच थांबत. बैलाच्या पोटाला कान लावत, शिंगाच्या मुळाशी हात ठेवत, त्याच्या डोळ्यात बघत बसत. मालक बिचारा पटका सावरत एका पायावरून दुसऱ्या पायावर होई. थोड्या वेळानं दाजी “असं होय!” म्हणून मान डोलावत आणि औषधाला उठत. बैलानं त्यांना काय सांगितलं ते त्या दोघांनाच ठाऊक, पण बैल बरा होई हे मात्र खरं.

खेडोपाडी फिरायला त्यांच्याकडे एक घोडी होती. तिचं नाव बाईसाहेब. ही घोडी दाजींनी कुणा टांगेवाल्याच्या चाबकाखालून सोडवून आणली होती आणि तेव्हापासून तिनं कष्ट म्हणून केले नाहीत. चढ आला की दाजी खाली उतरत, कारण बाईसाहेबांना दम लागतो. उतार आला की उतरत, कारण बाईसाहेबांचे गुडघे दुखतात. सपाटीला बसावं, तर तिथं बाईसाहेबांना चरायची लहर येई. औषधाची पेटी पाठीवर टाकावी तर घासते, म्हणून ती दाजींच्या खांद्यावर. डोक्यावर खाकी टोपी, खांद्यावर पेटी, घामाघूम झालेले दाजी पुढे आणि त्यांच्या मागून रमतगमत येणारी मोकळी घोडी, हे दृश्य साऱ्या मुलखाच्या ओळखीचं होतं. एका म्हातारीनं त्यांना रस्त्यात थांबवून विचारलं होतं, “बाबा, घोडी इकायची हाय व्हय?” दाजी इतके दुखावले की त्यांनी घोडीचे कान झाकले.

माणसांच्या दुखण्यावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. मला एकदा सडकून पडसं झालं. मी पांघरूण घेऊन कण्हत पडलो होतो. दाजी आले, माझ्या नाकाला हात लावून बघितला आणि म्हणाले, “नाक वलं हाय. म्हंजी तब्येत उत्तम.” कुत्र्याचं नाक ओलं असलं की कुत्रं धडधाकट, हा नियम त्यांनी मला लावला होता. अक्कानं फारच धोशा लावला तेव्हा गुरांना औषध पाजायचा बांबूचा नळा घेऊन आले, माझं डोकं काखेत धरलं, जबड्याच्या कडेनं नळा सरकवला आणि शेरभर काढा आत सोडून माझा गळा वरून खाली चोळला. वर पाठीवर थाप मारून “जा आता, उन्हाला बांध ह्याला” असं अक्काला सांगून निघून गेले. पडसं त्या दिवशी गेलं ते परत दाजी घरात असताना माझ्याकडे फिरकलं नाही.

अक्का मात्र त्यांना पुरून उरली. घरात कायम कुणी ना कुणी पाहुणा असायचाच. तुटक्या शिंगाची शेळी, पंखात काडी बांधलेला कावळा, आई मेलेलं रेडकू. थंडीत रेडकाला अक्काची वाकळ आणि अक्काला पोतं. ती चिडून म्हणायची, “आवं, मी पुढच्या जल्मी रेडकू व्हऊन आले तरच तुमी माझ्याकडं बगशीला.” दाजी गंभीरपणे म्हणायचे, “तेवढं नशीब लागतं.” पण एक गोष्ट मी लहानपणापासून बघत आलो होतो. दाजी गोठ्यात शिरले की त्यांना जगाचं भान राहत नसे. शिपायानं हाका मारल्या, शेजाऱ्यानं मारल्या, मी जाऊन कानाशी ओरडलो तरी ऐकू जायचं नाही. त्या काळी बायका नवऱ्याला हाक मारत नसत. अक्का जेवणाचं ताट वाढून गोठ्याच्या दारात यायची आणि नुसता हात हलवून बांगड्या वाजवायची. तेवढ्यानं दाजी उठायचे, हात धुवायचे आणि पाटावर येऊन बसायचे. ती कुठे गावाला गेली की ते तीन-तीन दिवस जेवायचे विसरत, आणि विचारलं तर म्हणत, “मला कुणी बोलावलंच न्हाई.”

असे आमचे दाजी. आता माझं दुर्दैव असं की आई-वडील लवकर गेल्यामुळे माझ्याकडून वडीलधारा माणूस म्हणजे हेच. मी मामलेदार कचेरीत कारकून झालो, पोटापुरतं मिळवू लागलो, लग्नाचं वय झालं, नव्हे सरत आलं. मुलगी बघायला जायचं तर वडीलधारा पुढे पाहिजे, आणि वडीलधारा पुढे गेला की सोयरीक मोडलीच म्हणून समजावं.

पहिली मुलगी कऱ्हाडकडची. घर चांगलं, माणसं चांगली. मुलगी पोह्याची ताटली घेऊन सावकाश आली, तशी दाजी प्रसन्न होऊन मोठ्यांदा म्हणाले, “वा! चाल झकास हाय. मागच्या पायात काय सुदिक दोष न्हाई.” त्यांच्या दृष्टीनं याहून मोठी तारीफ जगात नव्हती. मुलगी होती तिथूनच मागे वळली. ती परत आली नाही आणि पोहेही आले नाहीत. दुसरी मुलगी साताऱ्यातल्याच एका वकिलांची. तिथं दाजींना मी आधीच दम भरला होता, म्हणून ते मुलीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पण चहा येईपर्यंत बैठकीतून नाहीसे झाले. शोधलं तर वकिलांच्या टांग्याच्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन बसलेले. वकीलसाहेब धोतराचा सोगा सावरत मागून आले, त्यांना दाजी म्हणाले, “सवताच्या पायात करकरीत कोल्हापुरी पायताण, आणि ह्यांच्या पायात हा झिजका नाल? लाज कशी वाटत न्हाई रं तुला?” ही बातमी दुसऱ्या दिवशी कचेरीत माझ्या आधी पोचली होती. त्यानंतर वर्षभर माझ्या दारात कुणी सांगून आलं नाही.

म्हणून पलूसकडच्या एका सुभेदारांच्या मुलीचं स्थळ आलं तेव्हा अक्कानं सूत्रं हातात घेतली. हे शेवटचं स्थळ, हे गेलं की मी तसाच राहणार, यावर आमचं तिघांचं एकमत होतं. निघायच्या आदल्या दिवशी अक्कानं दाजींना देवापुढे उभं केलं. “पाव्हण्यांच्या दारात जनावराचा ज सुदिक काढायचा न्हाई. घ्या शपथ. तुमच्या बाईसायबाची घ्या.” दाजींचा चेहरा उतरला. पण त्यांचा माझ्यावर जीव होता. त्यांनी घोडीची शपथ घेतली आणि रात्री जाऊन तिची माफीही मागितली असावी.

सुभेदार पहिल्या महायुद्धात बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. छातीवर बिल्ला, आवाज तोफेसारखा आणि मिशी अशी की बोलण्याआधी ती हलायची आणि मग शब्द यायचे. बायको वारलेली. घरात ते, त्यांची ती एकुलती मुलगी आणि एक म्हातारी आत्या. बैठकीला जाजम अंथरलेलं, भावकी जमलेली, अक्का आत बायकांत. सुभेदारांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली, “काय पाव्हणं, पाऊसपाणी काय म्हंतंय तुमच्याकडं?”

दाजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते स्पष्ट दिसत होतं. पाऊस म्हटलं की गवत आलं, गवत म्हटलं की गुरं आली.

“ऊस औंदा बरा हाय आमचा,” सुभेदार म्हणाले. ऊस म्हटलं की वाढं आलं, वाढं म्हटलं की ते खाणाऱ्या म्हशी आल्या. दाजी गप्प.

“लढाईचं कसं काय वाटतंय?” लढाई म्हटलं की पलटणीतले घोडे आणि खेचरं. दाजींनी ओठ घट्ट आवळले. त्या दिवशी मला कळलं की या माणसाकडे जनावरांशिवाय बोलायला जगात दुसरा विषयच नाही.

सोयरिकीच्या बैठकीत वडीलधारा गप्प बसला की आमच्या मुलखात त्याचा एकच अर्थ होतो. पाव्हणं रुसलं! भावकीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पळत जाऊन लोड आणला. जाजम काढून त्या जागी गालिचा आला. चहा गेला, दूध आलं. दूध पाहून तर दाजींच्या डोळ्यात पाणीच आलं, कारण मागच्या गोठ्यात कधीपासून एक म्हैस रेकत होती आणि त्यांना तिकडे बघायचीही चोरी होती. ते पाणी पाहून भावकीची गाळण उडाली. “लयच दुखावल्यात,” एक म्हातारा हळूच बोलला. “मानपानात काय तरी चुकलं असंल.” घोडं कुठं पेंड खातंय ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कसा? शेवटी सुभेदार उठले आणि डोक्यावरचा फेटा उतरवू लागले. मुलीच्या बापानं पाहुण्याच्या पायाशी फेटा ठेवायचा, म्हणजे शरणागतीची हद्द. बसऱ्याला जे झालं नाही ते आमच्या दाजींच्या मौनापुढे होऊ घातलं होतं. मी घाईनं सुभेदारांचा हात धरला आणि म्हणालो, “आधी मुलीला तर बोलवा.”

मुलगी आली, पाटावर बसली. आता वडीलधाऱ्यानं नाव-गाव विचारायचं. दाजी गप्प. “इचारा की काय बी, पाव्हणं,” सुभेदार काकुळतीला आले. दाजी गप्प. मागे म्हैस रेकली. दाजींनी डोळे मिटले. एवढ्यात पाटावरच्या मुलीनं मान वर केली.

“तुमी काय इचारत न्हाईसा, तर मी येक इचारू का?”

सगळी बैठक हादरली. बघायला आलेल्या पाहुण्याला मुलीनं प्रश्न विचारायचा, हे त्या गावात कधी घडलं नव्हतं. पण ती थांबली नाही. “तुमी गुरांचं डाक्तर न्हवं? मग सांगा. आमची चंद्री माझ्याबिगर कुणालाच धार काढू देत न्हाई. आत्याला तर लाथ घातलीया तिनं. मी लगीन हून गेल्याव तिचं कसं हुयाचं? दूध आटून मरंल की वो ती.”

“आगं ए! गप!” सुभेदारांची मिशी थरथरली. दाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माजघराच्या दाराकडे. जन्मात इतका केविलवाणा चेहरा मी पाहिला नव्हता. आणि दाराआडून बांगड्या वाजल्या.

दाजी ताडकन उठले आणि कुणाला न विचारता गोठ्याकडे चालू लागले. आम्ही सगळे मागे. चंद्री म्हणजे काळीभोर, पाणीदार डोळ्यांची म्हैस होती. दाजींनी हात जोडले. “नमस्कार चंद्राबाई. फार वाट बघायला लावली आपल्याला, माफ करा.” मग तिच्या मानेखाली खाजवत, हळूहळू तिच्या कासेला हात लावून पाहिलं. चंद्रीनं पाय झाडला, तेही त्यांनी आदरानं ऐकून घेतलं. दोन तासांचं कोंडलेलं सगळं त्यांनी मग एकदम बाहेर काढलं. म्हैस माणूस कसं ओळखते, पान्हा का चोरते, हाताचा धाक आणि हाताची माया यांतला फरक तिला कसा कळतो. भावकी तोंडात बोट घालून ऐकत राहिली. शेवटी सुभेदारांकडे वळून ते म्हणाले, “चंद्राबाई लुगड्याच्या वासाला आन बांगड्यांच्या आवाजाला पान्हा सोडत्यात. पोरगी गेल्याव तिचं लुगडं नेसून, तिच्या बांगड्या घालून जो कोण बसंल, त्यालाच धार मिळंल. घरात दुसरं कोण हाय?”

आत्या केव्हाच कडब्याच्या गंजीमागे गेली होती. सगळ्यांचे डोळे हळूहळू सुभेदारांवर येऊन थांबले.

“म्या?” सुभेदार ओरडले. “आवं, सरकारनं बिल्ला दिलाय मला!”

“बिल्ल्याला दूध येत न्हाई,” दाजी म्हणाले. “आन आत्ता करून दाखवायचं. ह्यांची खात्री पटल्याबिगर ही सोयरीक मला मंजूर न्हाई.” ह्यांची म्हणजे म्हशीची. माझं लग्न आता एका म्हशीच्या पान्ह्यावर येऊन ठेपलं होतं. मी चंद्रीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुभेदारांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि फेटा काढून खुंटीला अडकवला. पोरीचं रोजचं हिरवं लुगडं धोतरावरून गुंडाळलं. बांगड्या त्या मनगटावर चढेनात. बऱ्याच फुटल्या तेव्हा थोड्या कशाबशा चढल्या. कुंपणावर गाव गोळा झालं होतं. सुभेदार चरवी घेऊन चंद्रीखाली बसले. चंद्रीनं मान वळवून लुगडं हुंगलं, जरा खूष झाली, मग आणखी वर पाहिलं आणि फुरफुरली.

“मिशी झाक!” दाजींनी हुकूम सोडला.

सुभेदारांनी नाकापर्यंत पदर ओढला.

“आता बोल. पोरगी काय म्हंती तसं. बारीक आवाजात.”

“ये गं माजे बाय,” सुभेदार म्हणाले. तोफेनं बासरी वाजवायचा प्रयत्न करावा तसं ते वाटलं. कुंपणावरचं गाव फुटेपर्यंत हसलं. पण सुभेदार पुन्हा म्हणाले, “ये गं माजे बाय, ये,” आणि बांगड्या किणकिणल्या. आणि चरवीत पहिली धार वाजली. मग दुसरी. चंद्री डोळे मिटून रवंथ करू लागली. मी मनातल्या मनात मुंडावळ्या बांधल्या.

धार वाजत राहिली आणि हळूहळू लोक हसायचे थांबले. कारण पदराआडून हुंदका आला होता. पोरीच्या लुगड्यात तोंड खुपसून तो धिप्पाड माणूस रडत होता, आणि हात मात्र थांबला नव्हता. मुलगी गव्हाणीला टेकून उभी होती, तिलाही आवरेना. तेव्हा दाजी पुढे झाले, सुभेदारांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अहो सुभेदार, आपण रडू नका. पान्हा जाईल ह्यांचा.” दाजींनी माणसाला ‘अहो’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

लग्न त्याच गोठ्याशेजारी मांडव घालून झालं. पुढे चंद्री होती तोवर सुभेदार सकाळ-संध्याकाळ लुगडं नेसून धारेला बसत. गावानं पहिला महिनाभर मजा बघितली आणि मग कुणी वळून पाहीना. माझी बायको माहेरी गेली की बाप-लेकीत धार कुणी काढायची यावरून भांडण होई, आणि चंद्री म्हणे दोघांनाही द्यायची.

पुढे दाजींना पेन्शन मिळाली. बाईसाहेब म्हातारपणानं गेल्या, सुभेदार गेले. आणि एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापानं अक्का गेली. मी दाजींना आमच्या घरी आणलं. ते परसातल्या शेळीपाशी जाऊन बसले ते बसलेच. शेळीशीसुद्धा बोलेनात. मी ताट नेलं, हाका मारल्या, हात धरला. त्यांना ऐकूच येत नव्हतं. भेटायला आलेले नातेवाईक म्हणायचे, म्हातारा सगळ्यांवर रुसला. तिसऱ्या दिवशी मला भीती वाटू लागली. माणूस डोळ्यादेखत आटत चालला होता.

त्या दुपारी बायकोनं काही न बोलता अक्काची ट्रंक उघडली. अक्काचं रोजचं लुगडं नेसली, तिच्या बांगड्या हातात चढवल्या, ताट वाढलं आणि परसदारी जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. तिनं हाक मारली नाही. नुसता हात हलवला.

दाजींनी मान वर केली. लुगड्याकडे पाहिलं, बांगड्यांकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचीच विद्या ती त्यांच्यावर चालवत होती, आणि ते त्यांना कळलं होतं. चष्मा काढून त्यांनी बराच वेळ पुसला.

“सुभेदारांना जास्त शोभत हुतं,” ते म्हणाले.

मग उठले, हात धुतले आणि पाटावर येऊन बसले. पहिला घास नेहमीप्रमाणे गाईसाठी बाजूला काढून ठेवला, आणि दुसरा तोंडात घातला.